आधी गोळी, मग सोनोग्राफी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या आरोग्य पुरवणीत चेहऱ्याच्या लकव्यावर आलेला लेख वाचला. हा विषय घेतल्याबद्दल आधी आभार मानते. तोंड वाकडं होणं माणसाला मुळापासून हादरवतं, आणि त्याबद्दल वर्तमानपत्रांत फारसं छापून येत नाही. पण लेखाच्या मथळ्यात सोनोग्राफी आता चेहऱ्याचं भवितव्य सांगणार, अशा अर्थाचं ठळक वाक्य होतं. मी रेडिओलॉजिस्ट आहे. पोटाच्या, मानेच्या, सांध्यांच्या सोनोग्राफीबरोबर चेहऱ्याचीही करते. म्हणजे तुमच्या मथळ्याने माझाच धंदा वाढायचा. तरी त्याविरुद्ध लिहिते आहे.

कारण पुरवणी आली आणि फोन सुरू झाले. त्यातला एक गुरुवारी आला. बोलणाऱ्या गृहस्थांच्या पत्नीचं तोंड आदल्या रात्री वाकडं झालं होतं. सकाळी डॉक्टरांना दाखवून झालं होतं, त्यांनी स्टिरॉइडच्या गोळ्या लिहून दिल्या होत्या आणि त्या आणून टेबलावर ठेवलेल्या होत्या. ‘‘आधी तुमच्याकडे नसेची सोनोग्राफी करतो. सूज दिसली तरच गोळ्या सुरू करायच्या असं ठरवलंय. सोमवारची वेळ मिळेल का?’’ मी म्हटलं, सोमवारचं राहू द्या, डॉक्टरांनी लिहून दिल्याप्रमाणे गोळ्या आजच सुरू करा, आणि रात्री डोळा उघडा राहतो का ते बघा. त्यांना ते फारसं पटलेलं दिसलं नाही. तपासणी न करताच औषध कसं घ्यायचं, हा त्यांचा प्रश्न होता, आणि तो चुकीचा नव्हता. त्याचं उत्तर लेखात असायला हवं होतं.

अचानक, एक-दोन दिवसांत चेहऱ्याची एक बाजू पूर्ण ढिली पडते, डोळा मिटत नाही, कपाळाला आठी पडत नाही, चूळ भरली की पाणी ओठाच्या कोपऱ्यातून गळतं, आणि दुसरं कारण सापडत नाही, अशा लकव्याला बेल्स पाल्सी म्हणतात. सर चार्ल्स बेल या स्कॉटिश शल्यविशारदाने १८२१ मध्ये चेहऱ्याच्या नसेचं, म्हणजे चेहरा हलवणाऱ्या मज्जातंतूचं, काम मांडलं, म्हणून त्याचं नाव. या आजाराचं निदान डॉक्टर बघून आणि विचारून करतात. कान, नाक, घसा तज्ज्ञांच्या अमेरिकन संघटनेची २०१३ ची मार्गदर्शक तत्त्वं तर स्पष्टच सांगतात, की नेहमीसारख्या बेल्स पाल्सीत सुरुवातीलाच स्कॅन किंवा रक्ताच्या तपासण्या सरसकट करू नयेत. १६ वर्षं आणि त्यापुढच्या रुग्णांना पहिल्या ७२ तासांत तोंडावाटे स्टिरॉइड द्यावं.

हे ७२ तास मनाने ठरवलेले नाहीत. स्कॉटलंडमध्ये ५५१ रुग्णांवर झालेला अभ्यास २००७ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आला. त्यातल्या सगळ्यांचे उपचार ७२ तासांच्या आत सुरू झाले होते. नऊ महिन्यांनी पाहिलं, तर प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड मिळालेल्यांपैकी ९४.४ टक्के लोकांचा चेहरा पूर्ववत झाला होता. ते न मिळालेल्यांत हे प्रमाण ८१.६ टक्के होतं. मधुमेह, पोटातला अल्सर, गर्भारपण असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगायचं, डोस त्यांनी ठरवायचा. पण सोनोग्राफीच्या तारखेसाठी थांबून ही मुदत हातची घालवायची नाही. तोंडाबरोबर हात किंवा पाय लुळा पडला असेल, जीभ जड झाली असेल, तोल जात असेल, तर तो मेंदूचा झटका असू शकतो. तिथे घरच्यांनी कपाळाच्या आठ्या मोजत बसू नये, तडक मोठ्या रुग्णालयात न्यावं.

आता सोनोग्राफीला पहिल्या दिवशी काय दिसत नाही, ते सांगते. चेहऱ्याची नस मेंदूच्या बुंध्यापासून निघते आणि कानामागच्या हाडातल्या वळणावळणाच्या बोगद्यातून सुमारे तीन सेंटिमीटर जाते. हा बोगदा सुरुवातीला इतका अरुंद असतो, की सर्वांत चिंचोळ्या जागी त्याची रुंदी एक मिलिमीटरही भरत नाही. बेल्स पाल्सीत नस मुख्यतः तिथे सुजते आणि सुजलेल्या बोटात अंगठी रुतावी तशी हाडात आवळली जाते. सोनोग्राफीच्या ध्वनिलहरी या हाडाच्या आत शिरतच नाहीत, पृष्ठभागावरून परत फिरतात. म्हणजे जिथे दुखणं आहे नेमकं तिथलंच आम्हाला काही दिसत नाही. हाडातला भाग बघायचा तर कॉन्ट्रास्ट (चित्र उठून दिसावं म्हणून शिरेतून द्यायचं औषध) देऊन एमआरआय करावा लागतो, आणि तोही प्रत्येकाला लागत नाही.

मग नसेची सोनोग्राफी म्हणून काय बघतात? कानाच्या पाळीखाली, हाडातून नस बाहेर पडते तिथला तुकडा. त्याची जाडी साधारण एक मिलिमीटरच्या आसपास असते. आजारी बाजूची जाडी दुसऱ्या बाजूपेक्षा बरीच जास्त असेल तर बरं व्हायला वेळ लागतो का, हा प्रश्न संशोधकांना पडला, आणि २०१० मध्ये सिंगापूरच्या एका गटाने ‘हो, तसं दिसतंय’ असं उत्तर दिलं. अभ्यास चांगला होता, पण रुग्ण मोजके होते, आणि पुढे इतरांनी केलेल्या मोजमापांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. मला त्याचं नवल वाटत नाही. एक मिलिमीटरच्या वस्तूत आपण दशांश मिलिमीटरचा फरक शोधत असतो. प्रोब, म्हणजे मशीनचा त्वचेवर टेकवायचा भाग, जरा तिरका धरला किंवा स्क्रीनवरची मोजणीची खूण किंचित सरकली, की तेवढा फरक माझ्या हातानेही पडतो. तुमच्या लेखातलं ‘भवितव्य’ बहुधा याच जाडीवर बेतलेलं होतं. तेवढ्या आधारावर कुणाला ‘तुमचा चेहरा सुधारणार नाही’ असं सांगण्याची माझी तयारी नाही.

एवढं वाचून कुणाला वाटेल की बाईंना हे मशीनच नको आहे. उलट आहे. लेखात ज्याचा एका ओळीतही उल्लेख नव्हता, त्या चेहऱ्याच्या स्नायूंसाठी मला हे मशीन फार मोलाचं वाटतं.

चेहऱ्याचे स्नायू अगदी पातळ असतात; त्यातले कित्येक दोन-तीन मिलिमीटरचे. पोटाच्या सोनोग्राफीचा प्रोब इथे कुचकामी. उथळ भागासाठीचा, १५ मेगाहर्ट्झ किंवा त्याहून जास्त वारंवारतेचा लहान प्रोब लागतो. मी गालावर भरपूर जेल घालते आणि प्रोब त्या जेलवर अक्षरशः तरंगत ठेवते. जरा दाबलं, की स्नायू चपटा होतो आणि आजारी नसलेला माणूस कागदावर आजारी ठरतो. आधी चांगली बाजू बघते, मग वाकडी. कपाळाचा स्नायू, डोळ्याभोवतीचा, गालाच्या हाडापासून ओठाच्या कोपऱ्याकडे उतरणारा हसण्याचा, ओठाचा कोपरा खाली ओढणारा, हनुवटीचा. निरोगी स्नायू पडद्यावर काळसर पट्ट्यासारखा दिसतो. नसेचा पुरवठा तुटून महिने गेले, की तो पट्टा बारीक होत जातो, त्यात चरबी आणि तंतू भरतात, आणि काळ्याचा राखाडी, पुढे पांढुरका होतो. स्नायूतला हा बदल सोनोग्राफीत दिसतो हे नवं नाही. लंडनच्या हेकमॅट, डुबोविट्झ आणि लीमन यांनी १९८० मध्येच ते स्नायूंच्या जन्मजात आजारांत दाखवलं होतं. चेहऱ्याच्या स्नायूंची अशी मोजमापं नेटाने केली ती जर्मनीतल्या येना इथल्या विद्यापीठ रुग्णालयातल्या डॉक्टरांनी, गेल्या १०-१५ वर्षांत.

स्थिर चित्रावर मी थांबत नाही. ‘‘भुवया वर करा. डोळे घट्ट मिटा. गाल फुगवा. दात दाखवा.’’ असं सांगत जाते आणि पडद्यावर बघते. स्नायू आकसला, की त्या क्षणी जाड होतो. कधी कधी बाहेरून चेहऱ्यावर काहीच हललेलं दिसत नाही, पण आत अर्धा मिलिमीटर हालचाल झालेली असते. ती मी पेशंटला पडद्यावर दाखवते. महिनोन् महिने आरशात काहीच न दिसलेली माणसं त्या वेळी कशी बघतात, हे मी इथे लिहीत नाही. पण ‘‘पुन्हा दाखवा’’ असं म्हणत नाही असा माणूस मला अजून भेटलेला नाही.

याची खरी गरज कधी पडते? कोपनहेगनच्या एरिक पायटरसन यांनी औषध न दिलेले रुग्ण वर्षानुवर्षं पाहिले आणि २००२ मध्ये निष्कर्ष मांडले. बेल्स पाल्सीच्या रुग्णांपैकी ८५ टक्के लोकांत तीन आठवड्यांच्या आत हालचाल परतू लागली होती, उरलेल्यांत तीन ते पाच महिन्यांनी. अखेर ७१ टक्के पूर्ण बरे झाले. याचा अर्थ असा, की बहुतेकांना माझ्याकडे येण्याची गरजच नाही. तिसरा महिना संपत आला आणि चेहरा अजून पुरता सुधारलेला नाही, तर पुन्हा तज्ज्ञांकडे जायचं. आणि इतक्या दिवसांत कणभरही हालचाल नसेल तर दोन प्रश्न उभे राहतात. हा खरंच बेल्स पाल्सी आहे का? आणि नस कधी तरी परत येईल तेव्हा तिला हलवायला स्नायू शिल्लक असेल का?

दुसऱ्या प्रश्नाला मुदत आहे. नसेविना स्नायू साधारण वर्ष-दीड वर्ष तग धरतो. तोवर जबड्याची किंवा जिभेची नस चेहऱ्याच्या नसेला जोडण्याची शस्त्रक्रिया करता येते. स्नायूच संपला तर मांडीतला स्नायू काढून गालात बसवावा लागतो. १९७० च्या दशकात जपानमध्ये हारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुजवलेली ही शस्त्रक्रिया आज जगभर होते, पण ती मोठी आहे. माझ्याकडे आलेल्या एका बाईंची कानाच्या नसेवरची गाठ काढताना चेहऱ्याची नस गेली होती. त्याला वर्ष उलटून गेलेलं. ‘आता उशीर झाला’ असं त्यांना कुणी तरी सांगितलेलं, आणि त्या चेहऱ्यावर पदर ओढूनच बसायच्या. पडद्यावर हसण्याचा स्नायू दुसऱ्या बाजूपेक्षा बारीक होता, पण काळा होता. मी दोन्ही बाजूंचे आकडे लिहून रिपोर्ट प्लास्टिक सर्जनकडे पाठवला. त्यांनी ईएमजी, म्हणजे स्नायूत सुई घालून त्यातली वीज बघायची तपासणी, करून घेतली आणि नस जोडायचं ठरवलं. पुढे जे झालं त्याचं श्रेय त्यांचं आणि बाईंच्या व्यायामाचं. माझं काम स्नायू आहे एवढं सांगण्यापुरतं होतं.

ईएमजीचा उल्लेख आला म्हणून सांगते, सोनोग्राफी तिची जागा घेत नाही. ईएमजी स्नायूतली वीज ऐकते, सोनोग्राफी त्याची घडण बघते. नसेला विजेचा झटका देऊन करायच्या तपासणीचंही वेळापत्रक असतं. नस तुटली तरी तिचं पुढचं टोक तीन दिवस प्रतिसाद देत राहतं; म्हणून ही तपासणी तीन दिवसांच्या आत केली तर फसवते, आणि दोन-तीन आठवडे उलटल्यावर भविष्य सांगायला तिचा उपयोग उरत नाही. तीही ज्यांचा चेहरा अजिबातच हलत नाही त्यांच्यासाठी. लहान मुलाच्या गालात सुया घालणं काय असतं, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना सोनोग्राफीचं मोल वेगळं सांगायला नको. दुखत नाही, किरणोत्सर्ग नाही, दर काही महिन्यांनी पुन्हा करता येते.

बऱ्या होत आलेल्या चेहऱ्याचा एक वेगळाच ताप असतो. नस परत वाढताना तिचे तंतू चुकीच्या स्नायूंत शिरतात. मग हसलं की डोळा मिटतो, डोळा मिटला की हनुवटीला खड्डे पडतात. माझ्याकडे येणाऱ्या एका शिक्षिकेला वर्गात हसण्याचीच भीती बसली होती. अशा वेळी ठरावीक स्नायूत, तो सैल पडावा म्हणून, बोटुलिनम टॉक्सिनचं (बोटॉक्सचं) अगदी थोडं इंजेक्शन देतात. पातळ, एकमेकांवर चढलेल्या स्नायूंतून नेमका हवा तो गाठायला आणि जवळून जाणारी रक्तवाहिनी चुकवायला पडद्यावर बघत सुई घालता येते. त्याआधी शिक्षिकाबाईंनी पडद्याकडे बघत डोळा हळू मिटायचा आणि हनुवटी शांत ठेवायची, असा सरावही माझ्या खोलीत केला. त्यांच्या फिजिओथेरपिस्टने ही युक्ती सुचवली, मी फक्त प्रोब धरून बसले. (चेहऱ्याला घरच्या घरी विजेचे झटके देणारी यंत्रं मात्र कुणी आपल्या मनाने विकत घेऊ नयेत. त्याने फायदा होतो असा भक्कम पुरावा नाही.)

पहिल्या प्रश्नाबद्दल, म्हणजे हा बेल्स पाल्सीच आहे का याबद्दल, मला थोडं कडक बोलायचं आहे. बेल्स पाल्सी एक-दोन दिवसांत, फार तर तीन दिवसांत आपलं पूर्ण रूप दाखवते. चेहरा आठवड्यांमागून आठवडे हळूहळू ओघळत जात असेल, एकाच बाजूला पुन्हा पुन्हा होत असेल, किंवा फक्त ओठाचा कोपरा किंवा फक्त डोळा एवढाच भाग ढिला पडला असेल, तर कारण शोधलंच पाहिजे. एक गृहस्थ आले तेव्हा दोन महिने चोळणं आणि शेकणं चालू होतं. आधी ओठ, मग गाल, मग डोळा असा चेहरा गेलेला. कुणी कानापुढे हात लावून पाहिला नव्हता. गालगुंडात सुजते त्या लाळग्रंथीत, पॅरोटिडमध्ये, वेड्यावाकड्या कडांची गाठ होती. चेहऱ्याची नस याच ग्रंथीतून जाते आणि तिथेच तिला फांद्या फुटतात. अशा पेशंटची सोनोग्राफी त्याच दिवशी करावी, आणि लागलीच गाठीतून सुईने नमुना घ्यावा. पण इथेही मर्यादा आहे. ग्रंथीचा वरचा भाग नीट दिसतो, जबड्याच्या हाडाआड दडलेला खोल भाग दिसत नाही, आणि ग्रंथीच्या आत नस स्वतः बहुतेक वेळा ओळखू येत नाही. म्हणून सोनोग्राफी ‘नॉर्मल’ आली तरी चेहरा ओघळतच असेल, तर एमआरआय टाळू नये.

लेखात सोनोग्राफीचा एक नमुना रिपोर्टही छापला होता. ‘चेहऱ्याच्या नसेला सौम्य सूज’ एवढंच त्यात होतं. हा रिपोर्ट मला विद्यार्थ्याने आणून दाखवला असता तर मी परत पाठवला असता. दोन्ही बाजूंची मिलिमीटरमधली मापं नाहीत, कुठल्या जागी मोजलं ते नाही, स्नायूंबद्दल अक्षर नाही, लकवा होऊन किती दिवस झाले तेही नाही. आजाराचा दिवस माहीत नसेल तर त्या मापाचा अर्थ लावता येत नाही. पेशंटनी आपल्या हक्काने विचारावं, की दुसऱ्या बाजूचा आकडा काय आहे? तो नसेल, तर तो रिपोर्ट फाइलची जाडी वाढवण्यापुरताच.

आपणास विनंती एवढीच, की पुढच्या पुरवणीत ठळक खुलासा छापावा: नव्याने तोंड वाकडं झालं तर सोनोग्राफीसाठी थांबू नये, त्याच दिवशी डॉक्टर गाठावेत, स्टिरॉइड द्यायचं ठरलं तर ते ७२ तासांच्या आत सुरू व्हावं, आणि डोळा मिटत नसेल तर दिवसा थेंब, रात्री मलम आणि पापणी बंद ठेवणारी पट्टी लावावी. हे शेवटचं सगळ्यांच्या नजरेतून सुटतं. चेहरा परत येतो, पण कोरड्या पडलेल्या बुबुळावरची जखम कायमचा डाग ठेवून जाऊ शकते.

पत्र लांबलं याची कल्पना आहे. जागेअभावी काटछाट करावी लागली तर प्रोब, जेल, सिंगापूर, येना यांतलं काहीही खुशाल कापा. वरच्या परिच्छेदाला तेवढी कात्री लावू नका. पेशंटची ओळख पटू नये म्हणून माझं नाव छापू नये.

आपली,
एक रेडिओलॉजिस्ट